दिवाणी दाव्याचा निकाल वेळेत मिळण्याचा हक्क



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा व्यवस्थापन यांविषयी लिहितो. या अंकात कोर्टाविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याच्या माणसाने कोर्टात कशाला नाक खुपसायचे, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर असे, की ऊस नोंदीचा हंगाम आला म्हणजे कोर्ट आपल्या पायांनी चालत आमच्या गट ऑफिसात येते. एक भाऊ नोंद द्यायला येतो, मागोमाग दुसऱ्या भावाचा हरकत अर्ज येतो. चिटबॉय रानात जातो तर बांधावर दोन्हीकडची माणसे उभी. तोड आली की कोणाच्या नावाची पावती फाडायची यावरून भांडण, आणि बिल निघायची वेळ आली की वकिलाची नोटीस. शेवटी बिल अनामत खात्यात पडून राहते. सभासद विचारतात, "साहेब, आमचा पैसा कधी मिळायचा?" आम्ही म्हणतो, "कोर्टाचा हुकूम आणा." ते म्हणतात, "कोर्टाचाच तर हुकूम येत नाही ना!" इथे आमचे तोंड बंद होते.

म्हणून दिवाणी दाव्याला उशीर का होतो, वेळेत निकाल मिळणे हा हक्क आहे की नुसती मेहेरबानी, आणि आपल्या हातात काय आहे, हे वकील मंडळींकडून समजून घेऊन आणि कायद्याची पुस्तके चाळून येथे मांडत आहोत. आम्ही वकील नव्हे. आपापल्या प्रकरणात सल्ला आपल्या वकिलाचाच घ्यावा.

प्रथम एक उदाहरण. गट नंबर लिहीत नाही, नावे तर नाहीच नाही. विहिरीखालची चार एकर काळी जमीन, थोरला आणि धाकटा असे दोन भाऊ, दोन बहिणी दिल्या घरी. १९९६ साली धाकट्याने वाटपाचा दावा लावला. दाव्यात बहिणींना सामीलच केले नाही. का, तर "त्यांना काय विचारायचं, त्या आपल्याच हायेत." चार वर्षांनी दुसऱ्या बाजूने नेमकी तीच हरकत घेतली. मग बहिणींना सामील करा, नव्याने समन्स काढा, त्यांच्या कैफियती येऊ द्या. २००४ साली थोरला वारला. त्याच्या वारसांची नावे दाव्यात लावायला तीन वर्षे गेली, कारण धाकट्याला वाटले वकील लावतील आणि वकिलाला वाटले पक्षकार येऊन सांगेल. २०११ साली प्राथमिक हुकूमनामा झाला. त्यावर जिल्हा न्यायालयात अपील, ते २०१७ साली फेटाळले. धाकट्याने पेढे वाटले. पण जमीन काही ताब्यात आली नाही, कारण पुढे कागद कलेक्टर कचेरीत जायला हवे होते आणि ते कोणी पाठवलेच नव्हते. मोजणी २०२१ मध्ये झाली आणि प्रत्यक्ष ताबा २०२३ मध्ये मिळाला. सत्तावीस वर्षे!

या सत्तावीस वर्षांत त्या रानाचे काय झाले हे आमच्या नोंदवहीत दिसते. दाव्याआधी तिथे एकरी पन्नास टनांच्या आसपास उतारा पडत होता. दावा लागल्यावर थोरल्याकडे वहिवाट राहिली, पण नवी लागण करायला त्याचा हात धजेना. उद्या कोणता तुकडा कोणाच्या वाट्याला जाईल ते माहीत नाही, मग नांगरट, शेणखत, बेणे यांवर खर्च कोण करणार? खोडव्यावर खोडवा ठेवत गेला. पाचवा, सहावा, सातवा. नांग्या कोणी भरल्या नाहीत. ठिबकच्या अर्जाला सगळ्यांच्या सह्या हव्यात, त्या मिळेनात. विहिरीचा गाळ काढायचा तर निम्मा खर्च कोणी द्यायचा? शेवटी शेवटी एकरी पंधरा-सोळा टन ऊस निघत होता, तोही पाचटात शोधावा लागे. वकिलाची फी आणि एसटीचे भाडे लोक मोजतात. हे असले नुकसान कोणी मोजत नाही. आमच्या हिशेबाने ते फीच्या कितीतरी पट भरते, आणि निकाल कोणाच्याही बाजूने लागला तरी ते भरून निघत नाही. जिंकलेल्या माणसाच्या हाती येते ते खंगलेले रान.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्हाला ती फारशी पटत नाही. ज्याच्या बाजूला दांडगाई आहे त्याला ही म्हण फार सोयीची पडते. गरिबाने, विधवेने, माहेरचा हिस्सा मागणाऱ्या बहिणीने कोर्टाची पायरी चढायची नाही तर जायचे कुठे? पायरी चढणे वाईट नव्हे. चढल्यावर तिथेच म्हातारे व्हावे लागणे, हे वाईट.

आता हक्काची गोष्ट. आपल्या राज्यघटनेत "दिवाणी दाव्याचा निकाल अमुक मुदतीत मिळेल" असे कलम शब्दशः सापडणार नाही. पण एकविसाव्या कलमात जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण आहे. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याविना खितपत पडलेल्या कैद्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा जलद न्यायचौकशी हा या कलमातलाच हक्क आहे असे न्यायालयाने सांगितले. ते फौजदारीपुरते झाले. दिवाणीच्या बाबतीत महत्त्वाचा निकाल २०१६ सालचा, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा. जम्मू-काश्मीरमधले खटले दुसऱ्या राज्यात वर्ग करता येतात का, असा मूळ प्रश्न होता. त्याचे उत्तर देताना घटनापीठ म्हणाले, की न्याय मिळवण्याची वाट खुली असणे हा चौदाव्या आणि एकविसाव्या कलमांखालचा मूलभूत हक्क आहे. त्यात चार गोष्टी येतात. तंटा सोडवणारी परिणामकारक यंत्रणा सरकारने उभी केली पाहिजे, ती अंतराने फार दूर नसावी, तिचे काम जलद चालावे, आणि तिचा खर्च सामान्य माणसाला झेपावा. म्हणजे वेळेत सुनावणी मागणारा पक्षकार भीक मागत नाही, घटनेने दिलेले मागतो.

याबाबत युरोपातल्या देशांनी अधिक स्पष्ट लिहून ठेवले आहे. १९५० साली रोम येथे झालेल्या मानवी हक्कांच्या करारातले सहावे कलम म्हणते, की दिवाणी हक्कांबद्दलच्या तंट्यातही प्रत्येकाला वाजवी मुदतीत सुनावणी मिळाली पाहिजे. वाजवी म्हणजे किती? त्यांनी आकडा घातला नाही. प्रकरण किती गुंतागुंतीचे आहे, पक्षकार स्वतः कसा वागला, न्यायालयाने आणि सरकारी खात्यांनी काय केले, आणि त्या माणसाचे त्यात किती अडकले आहे, हे पाहून ठरवायचे. १९८३ साली स्वित्झर्लंडमधले एक प्रकरण तेथील मानवी हक्क न्यायालयापुढे आले. झुरिकच्या विमानतळाजवळ राहणाऱ्या दोघांनी आवाज आणि धूर यांबद्दल भरपाई मागितली होती, आणि वरच्या कोर्टात त्यांचे अपील सुमारे साडेतीन वर्षे पडून होते. सरकारचे म्हणणे, की आमच्याकडे कामे फार साचली आहेत. न्यायालय म्हणाले, अचानक आलेली तात्पुरती गर्दी समजून घेता येईल, पण कामे वर्षानुवर्षे साचत असताना सरकार बसून राहिले तर ती सबब चालणार नाही. साडेतीन वर्षे! आमच्या गट ऑफिसात हे वाचून दाखवले तेव्हा एक म्हातारे सभासद हसून म्हणाले, "आमच्यात साडेतीन वर्सात समन्सच लागत न्हाई." इटलीत तर असा उशीर इतका बोकाळला, की २००१ साली कायदा करून उशिराबद्दल पक्षकाराला सरकारने पैसे द्यायचे ठरवावे लागले.

आपल्याकडे तशी भरपाई नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे वेगळा करार नसेल तर ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचे, आणि उशीर झाला तर सालीना १५ टक्के व्याज. या कलमाचा दाखला सभासद आम्हाला दर हंगामात देतात, आणि तो त्यांनी द्यावाच. पण दाव्याचा निकाल चौदा वर्षांनी मिळाला म्हणून व्याज मागायला जागा नाही.

उशिराचा सगळा दोष न्यायाधीशांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. देशातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत एक कोटीहून अधिक दिवाणी प्रकरणे पडून आहेत. दर दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश असावेत अशी शिफारस विधी आयोगाने १९८७ साली केली आणि २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे करण्यास सांगितले. मंजूर जागा अजून त्याच्या निम्म्यालाही पोचलेल्या नाहीत, आणि मंजूर जागांतल्याही कित्येक रिकाम्या असतात. एका दिवसाच्या बोर्डावर ढीगभर प्रकरणे असली तर न्यायाधीशाने तरी काय करावे? दोन बैलांच्या गाडीत चार टनांची मोळी रचली तर बैलाला चाबूक मारून ती हलणार नाही. आपल्या महाराष्ट्रापुरते आणखी एक लफडे होते. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७०च्या दशकात राज्याने कलम ९-अ घातले. मनाई अर्जाच्या वेळी कोणी "या कोर्टाला हे प्रकरण चालवण्याचा अधिकारच नाही" अशी हरकत घेतली, की आधी त्या हरकतीचा निकाल लावणे भाग पडे. मूळ दावा बाजूला पडून त्या एका मुद्द्यावर पुरावा, अपील असे सारे चाले. हे कलम २०१८ साली काढून टाकले, ते बरेच झाले.

आता संहितेत मुदती काय आहेत ते सभासदांनी ध्यानात ठेवावे. २००२ च्या जुलैपासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे समन्स लागल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीने कैफियत द्यायची. कारण लिहून कोर्ट ती मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. सुनावणी चालू झाल्यावर एका बाजूला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी द्यायची नाही. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेले आहेत, हे तहकुबीचे कारण म्हणून चालत नाही, असे नियमात साफ लिहिले आहे. साक्षीपुरावा एकदा सुरू झाला म्हणजे तो शक्यतो रोजच्या रोज चालवायचा. युक्तिवाद संपल्यावर लगेच निकाल देता आला नाही तर तीस दिवसांत, अगदीच अडचण असली तर साठ दिवसांत द्यायचा. एकतर्फी मनाई दिली असेल तर दुसऱ्या बाजूचे ऐकून तो अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न कोर्टाने करायचा. ज्या बाजूमुळे त्या दिवशी काम पुढे गेले नाही तिच्यावर खर्च बसवता येतो, आणि तो खर्च भरल्याशिवाय तिला पुढे दावा किंवा बचाव चालवता येत नाही. हे कलम ३५-ब, १९७६ च्या दुरुस्तीने आलेले.

कागदावर हे सारे उत्तम आहे. व्यवहारात? सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले, की कैफियतीच्या नव्वद दिवसांचे बंधन साध्या दाव्यात अगदीच पोलादी नव्हे. खरोखर अपवादाची अडचण असेल तर कोर्ट पुढेही सूट देऊ शकते. तहकुबीचेही तसेच, मात्र जबर खर्च बसवून. हे योग्यच आहे, कारण कोणाच्या घरी मयत झाली म्हणून त्याचा हक्क बुडू नये. पण अपवादासाठी ठेवलेल्या या फटीतून आपण सगळे बैलगाड्या घालतो, आणि मुदती नावाला उरतात.

इथे सभासदांना थोडे टोचेल असे लिहितो. तहकुबी मागणारा दर वेळी परका नसतो. ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्याला निकाल नको असतो, तो वेळ काढतो. हाच माणूस दुसऱ्या दाव्यात वादी असला की उशिराबद्दल कोर्टाला शिव्या देतो. आम्ही असे सभासद पाहिले आहेत, आणि ते वाईट लोक नाहीत. ज्याला निकाल खरोखर हवा आहे त्याने आपल्या दाव्याच्या रोजनाम्याची नक्कल काढावी. कोणत्या तारखेला काय झाले, तहकुबी कोणी मागितली, खर्च बसला का, हे सारे त्यात असते. पुष्कळांना दहा वर्षे दावा चालवून रोजनामा नावाची चीज असते हेही ठाऊक नसते. नक्कल वाचल्यावर कधी कधी आपल्याच बाजूच्या तहकुब्या जास्त निघतात! तसे नसेल, आणि समोरच्याचाच वेळकाढूपणा दिसत असेल, तर त्या नकलेच्या आधारे आपल्या वकिलामार्फत दावा लवकर चालवण्याचा अर्ज देता येतो. वय झाले असेल तर तेही अर्जात लिहावे. उच्च न्यायालयात जाऊन "अमुक महिन्यांत निकाल द्या" असा हुकूम आणता येतो असे लोक सांगतात. तसे हुकूम होतात, पण २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने म्हटले आहे, की खालच्या कोर्टांना असा वार ठरवून देणे अपवादाच्या प्रसंगीच करावे, कारण मागे रांगेत उभ्या असलेल्या बाकीच्यांवर त्याने अन्याय होतो. त्याच निकालाने आणखी एक समजूत मोडली. "स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठतो" असे आपल्याकडे पारावर सर्रास बोलले जाते. २०१८ च्या एका निकालाने तसे झाले होते खरे, पण २०२४ मध्ये ते रद्द ठरले. वरच्या कोर्टाची स्थगिती अर्ज करून उठवून घ्यावी लागते. आपोआप उठली समजून नांगर घालायला जाल तर अवमानाच्या कामात सापडाल.

वारस लावण्याची गोष्ट वर आली, ती पुन्हा सांगतो, कारण वाटपाच्या दाव्याला इतके खाणारे दुसरे काही आम्ही पाहिले नाही. दाव्यातला कोणी पक्षकार वारला तर त्याचे वारस नव्वद दिवसांत दाव्यात लावण्याचा अर्ज द्यावा लागतो. नाही दिला तर त्या इसमापुरता दावा आपोआप बाद होतो. तो पुन्हा उभा करण्याच्या अर्जाला आणखी साठ दिवस. तेही गेले तर उशीर माफीचा अर्ज, त्यावर समोरच्याचे म्हणणे, त्यावर सुनावणी, त्यावर हुकूम. माणूस तर बोलता बोलता जातो, पण हे अर्ज दोन-तीन वर्षे खातात. पक्षकार वारल्याचे कळल्याबरोबर कोर्टाला सांगणे हे त्याच्या वकिलाचे काम आहे, पण आपणही गावातले आहोत. तेरावे झाल्यावर मृत्यूचा दाखला आणि वारसांची पूर्ण नावे, वये, पत्ते घेऊन वकिलाकडे जावे. मुलींची नावे लपवू नयेत. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा आहे, आणि वडील त्या वेळी हयात असोत वा नसोत तो आहे, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले. बहिणीला वगळून लावलेला वाटपाचा दावा आज ना उद्या लंगडा पडणारच. बहिणीला हिस्सा द्यायचा की नाही हा घरातला प्रश्न नसून कायद्याने ठरलेली गोष्ट आहे, हे आमच्या काही जुन्या सभासदांना अजून पचत नाही.

हुकूमनामा हाती आला म्हणजे संपले, असेही समजू नये. वाटपात पहिला येतो तो प्राथमिक हुकूमनामा. त्यात फक्त हिस्से ठरतात, कोणाला कोणता तुकडा ते नाही. शेतसारा लागणाऱ्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरमार्फत होते. म्हणजे कागद तहसील कचेरीत, तिथून भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीला, मग तक्ता, हरकती, आणि मग ताबा. या टप्प्यावर फायली वर्षानुवर्षे निजून राहतात. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पक्षकाराच्या वेगळ्या अर्जाची वाट न पाहता कोर्टाने स्वतःहून पुढची तारीख लावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. तरी आपण डोळे उघडे ठेवावेत, आणि कागद कचेरीत कोणत्या आवक नंबराने गेले तो नंबर वहीत टिपून ठेवावा. ताब्याच्या आणि वसुलीच्या दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असाही हुकूम २०२१ सालचा आहे. तो पाळला जातो का? २०२५ च्या ऑक्टोबरात देशात सुमारे ८ लाख ८२ हजार दरखास्ती पडून असल्याचे सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्यांतल्या सर्वांत जास्त, तीन लाखांहून अधिक, आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या हद्दीतल्या होत्या. दावा जिंकून हात रिकामा राहिलेली इतकी माणसे!

सगळ्याच तंट्यांना दिवाणी कोर्टाची वाट धरावी लागत नाही. उसाची गाडी जायचा वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, किंवा पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक ओघ बांध घालून तुंबवला, तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा लावता येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. दर वर्षी तोड आली की रस्त्याची भांडणे आमच्याकडे येतात, आणि विचारावे तर रस्ता गेल्या दिवाळीत अडवलेला असतो. सहा महिने भाऊबंदकीत बोलण्यात गेले, मग राहते ती दिवाणीची लांबची वाट. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडेच अर्ज करावा. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असे बारा वर्षांपासून चालले असेल आणि दोघे राजी असतील, तर अदलाबदलीचा दस्त नाममात्र मुद्रांक आणि नोंदणी फीत करून देणारी सलोखा योजना सरकारने २०२३ साली आणली. तिची मुदत आणि अटी आपल्या तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, विचाराव्यात.

चालू दावाही लोकअदालतीत ठेवता येतो. तिथे तडजोड झाली तर ती हुकूमनाम्याइतकीच पक्की, तिच्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. आमचे मत विचाराल तर बांधाच्या, विहिरीच्या पाळीच्या, सामाईक मोटारीच्या तंट्याला यासारखे औषध नाही. पण अपील नाही म्हणूनच सही करण्याआधी तडजोडीचा कागद घरी वाचून घ्यावा, चतुःसीमा आणि गुंठे तपासावेत. घाईत सही करून मग "मला कळलंच नाही" म्हणत आमच्याकडे आलेले सभासदही आहेत. वकील देण्याची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. विधवा सभासद भगिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

तारखेसाठी दर वेळी तालुक्याला खेपा घालायचेही आता कारण नाही. प्रत्येक दाव्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपवर घातला की पुढची तारीख, मागच्या तारखेचे काम, बोर्ड हे सगळे मोबाईलवर दिसते. ज्यांना जमत नाही त्यांनी नंबर घेऊन गट ऑफिसात यावे, आमचे ॲग्री ओव्हरसिअर बघून देतील. मात्र "तारीख कळली" म्हणून साक्षीच्या दिवशी घरी बसू नये.

आता नोंदीपुरते सांगतो. ज्या गटावर दावा चालू आहे त्याची ऊस नोंद देताना दाव्याचा नंबर, कोर्टाचे नाव आणि मनाई किंवा जैसे थे हुकूम असल्यास त्याची खरी नक्कल सोबत आणावी. तोंडी सांगितलेला हुकूम आम्हाला धरता येत नाही, तसेच एका बाजूचा नुसता हरकत अर्ज आला म्हणून आम्ही दुसऱ्याची नोंद रद्दही करू शकत नाही. ऊस उभा असताना वाद पेटला असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून "तोड होऊ द्यावी, बिल अनामत ठेवावे" असे लेखी द्यावे. तसे जमत नसेल तर कोर्टाकडून रिसीव्हर नेमून घ्यावा किंवा बिल कोर्टात भरण्याचा हुकूम आणावा, पण ऊस रानात वाळू देऊ नये. वर सांगितलेल्या चार एकरांपैकी दोन गटांतला मिळून सव्वा एकर यंदा धाकट्याच्या मुलाच्या नावे लागणीला नोंदला आहे. त्याच्या बेण्याची मागणी कारखान्याच्या मळ्याकडे पाठवली आहे. विहिरीचा गाळ काढायला चुलत भाऊ अजून निम्मे पैसे द्यायला तयार नाहीत, त्यावर पुढच्या आठवड्यात गट ऑफिसात दोघांना बोलावले आहे.

— ऊस विकास अधिकारी